ताडपत्रीखालचा चहा

पुकेराऊ, १४ फेब्रुवारी १९९९

ग्लेनिस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच चुलीत घालशील, तर घाल. फक्त त्याआधी आतला फोटो काढून घे. दहा महिन्यांची तू माझ्या कडेवर आहेस आणि कुणाच्या तरी केकमध्ये बोट घालते आहेस. तुझा बाप जायच्या आधी तासभर काढलेला आहे.

पर्थचा हा पत्ता जुन्या नाताळच्या कार्डावरचा. कार्डं थांबली त्याला नऊ वर्षं झाली आणि तुला शेवटचं पाहिलं त्याला सत्तावीस. भांडून गेली असतीस तर निदान कशावरून भांडलो ते तरी आठवत बसले असते. तू बॅग भरलीस, 'येते' म्हणालीस आणि गेलीस. मी विचारायचं सोडलंय. हे पत्र त्याबद्दल नाही.

खोऱ्यात सोहळा आहे. देशात विमानाने डोंगरांवर खत टाकायला लागून पन्नास वर्षं झाली, म्हणून मार्चमध्ये हॉलसमोर दगड बसवणार, पाटी लावणार आणि जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडणार. तुझा मर्डॉककाका, अ‍ॅलिस्टरचा भाऊ, पाटीवरचा पडदा ओढणार. एक्याऐंशी वर्षांचा झालाय आणि आतापासून कोट उन्हात टाकून बसलाय. कमिटीत सगळी पोरंटोरं. त्यांच्या भाषणांत तेच तेच, डोंगर हिरवे झाले, मेंढ्या दुपटीने वाढल्या, आपले पूर्वज किती द्रष्टे. मर्डॉक द्रष्टा असेल तर मी इंग्लंडची राणी.

शाळेतली मास्तरीण जनीन फोटो घेऊन माझ्याकडे आली. जुन्यांपैकी डोकं ठिकाणावर असलेली मी एकटीच उरले म्हणे, तेव्हा चेहरे ओळखून द्यायचं काम माझं. हा तुझा फोटो त्यातलाच, तिने मला दोन प्रती दिल्या. मोठ्या ताडपत्रीचा मांडव, खाली लांब टेबल, चाळीसेक बायका, प्रत्येकीने घरून करून आणलेल्या खाण्याची बशी, आणि मध्ये मी, दात काढून हसत. खाली जनीनने टाइप केलंय, 'वैमानिक डेस फेअरहॉल यांचा प्रयोग पाहायला जमलेले गावकरी, मार्च १९५१. याच दिवशी प्रेक्षकांसमोर कसरत करताना फेअरहॉल यांचा मृत्यू झाला.'

कसरत. सर्कशीतलं माकड होता जणू. पण मी तिला काय सांगणार? तुलाही मी हेच सांगत आले, की तुझा बाप चार लोक बघतायत म्हणून नको इतका खाली गेला आणि डोंगरावर आपटला. चौकशीवाल्यांनी तसंच लिहिलं होतं आणि मर्डॉकनेही तसंच सांगितलं होतं. तू झाडावर चढलीस की मी ओरडायचे, 'बापासारखी करू नकोस.' तेव्हा राहू दे म्हटलं, कसरत तर कसरत.

फोटो ठेव. उत्तर नाही आलं तरी चालेल.

आई

२३ फेब्रुवारी

ग्लेनिस,

लगेच दुसरं पत्र. याला मी जबाबदार नाही, जनीनचं दुसरं खोकं जबाबदार आहे.

त्यात एक फोटो निघाला. डोंगरमाथ्यावरची आपली धावपट्टी, म्हणजे मेंढ्या हाकलून मोकळा केलेला गवताचा उतार. बाजूला सुपरच्या पोत्यांची थप्पी. खताला तेव्हा सगळे नुसतं सुपर म्हणत, अजूनही म्हणतात. आणि पाच-सहा जण कुंपणाचे खुंट ठोकायच्या लाकडी मोगऱ्या घेऊन पोती बडवतायत. मर्डॉक मधोमध, मोगरी खांद्यावर, तोंडात पाइप. मागे विमान उभं आहे आणि दूर खाली मांडवाचं टोक दिसतंय, म्हणजे दिवस तोच. जनीनने खाली लिहिलंय, 'कष्टाळू हात'.

हे पाहिलं आणि कप खाली ठेवून मी पुन्हा पाहिलं.

तुला कळायचं नाही, तू लहान होतीस, म्हणून सांगते. लग्नानंतर दोन वर्षं मी डेसबरोबर या शेतावरून त्या शेतावर फिरले. लोकर कातरणाऱ्यांच्या खोल्यांत राहायचं, गड्यांच्या चुलीवर रांधायचं आणि रात्री त्याचे कपडे झटकायचे. ते खत केसांत, चादरीत, पावातसुद्धा. विमान म्हणजे लढाईत शिकवणीसाठी वापरलेलं कापडी पंखांचं जुनं धूड. पुढची बैठक काढून तिथे खताची टाकी बसवलेली. तीन-चार पोती भरायची, उतारावरून पळवत दरीत झोकून द्यायचं, डोंगरावर जाऊन दांडा ओढायचा की टाकीचा तळ उघडून खत खाली. पुन्हा वर, पुन्हा भरायचं. दिवसभर हेच.

आणि विमान वर चढेना झालं, वाऱ्याने खाली दाबलं, की वैमानिकाचा जीव त्या एका दांड्यावर. ओढला की सगळं ओझं एकदम खाली जातं आणि विमान हलकं होऊन उचलतं. पण सुपर ओलं झालं की त्याचा गोटा होतो. मग तळ उघडला तरी ते टाकीत अडकून बसतं. म्हणून डेस प्रत्येक शेतकऱ्याला पहिल्याच दिवशी सांगायचा, पोती कोरडी ठेवणं तुमचं काम, थप्पीवर रात्रंदिवस ताडपत्री हवी. इतक्यांदा सांगायचा की मी स्वयंपाक करता करता त्याच्या आवाजात म्हणून दाखवायचे.

कोरडं सुपर पिठासारखं सांडतं. त्याला मोगऱ्यांनी कोण बडवेल?

त्या आठवड्यात पाऊस नव्हता, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी बाहेर तुझी दुपटी वाळत घालत होते. समुद्रावरून धुकं मात्र रोज रात्री चढायचं. मग मी डेसच्या पेटी कॅमेऱ्याचे फोटो काढले, ते माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यात आहेत. चार दिवस आधी त्याने त्या थप्पीचा काढलेला एक आहे. वर ताडपत्री, ताडपत्रीवर लोकरीच्या गाठींवर मारतात तशी काळी ठळक अक्षरं, 'रेनी', मर्डॉक-अ‍ॅलिस्टरच्या घराचं नाव. मोगऱ्यांच्या फोटोत थप्पी उघडी बोडकी. आणि तुला पाठवलेला फोटो आहे ना, चहाचा, त्यात आपल्या डोक्यावर बघ. ताडपत्री उलटी बांधलीय, तरी अक्षरं वाचता येतात.

चहाला अ‍ॅलिस्टर आला तेव्हा तिन्ही फोटो मी त्याच्या ताज्या भाजलेल्या स्कोनच्या बशीशेजारी मांडले. त्याने पाहिले. मग म्हणाला, स्कोन गार होतायत. चव्वेचाळीस वर्षं या माणसाबरोबर संसार केला, त्याने विषय बदलला की मला कळतं.

आई

१ मार्च

ग्लेनिस,

बोलला एकदाचा. तीन दिवस मी त्याच्यासाठी रांधलं नाही, त्याच्याशी बोलले नाही, नुसते फोटो टेबलावर ठेवले. चौथ्या दिवशी मेंढ्यांकडून आला, बूट दारात काढले आणि तिथल्या पायरीवरच पाठमोरा बसून बोलला. माझ्याकडे बघायची हिंमत नव्हती.

तर असं झालं. मर्डॉकला सगळ्या खोऱ्याला दाखवायचं होतं, की बघा, माझ्या रानात पहिलं विमान. पेपरवाला बोलावला, गावजेवण ठेवलं, बायकांना नेहमीसारखा निरोप गेला, येताना एक बशी आणा. मग थोरली मिसेस रेनी, म्हणजे या दोघा भावांची आई, म्हणाली, एवढ्या बायका काय उन्हात उभ्या करणार? लोक नावं ठेवतील. घरात मोठी ताडपत्री एकच. दोन रात्री आधी थप्पीवरून काढली आणि तिचा मांडव केला. पाऊस नाही, मग काय होतंय? दोन रात्री धुक्यात खत प्यायलं ते प्यायलं. सकाळी पोती दगड झाली होती.

विमान भरणारा हेमी तेव्हाच म्हणाला की हे भरायचं नाही. डेसनेही हात लावून पाहिला आणि आज नको म्हणाला. त्यावर मर्डॉक सगळ्यांसमोर हसला. माणसं काय केक खायला आलीत का, म्हणाला. मग मोगऱ्या आणल्या. गड्यांनी वरवर ढेकळं फोडली, पेपरवाल्याने तोच फोटो काढला. डेस म्हणाला, ठीक आहे, एकच फेरी.

तुझ्या बापाचाही मला राग येतो, ग्लेनिस. अरे डेस, जन्मभर दुसऱ्यांना शिकवलंस ना, मग स्वतः कशाला चढलास? चाळीस बायका आणि एक पेपरवाला बघत होता म्हणून. तेवढा दोष त्याचा आहेच, मी झाकणार नाही. पण कसरत त्याने केली नाही. तो दरीतून वर येत होता, वाऱ्याने दाबलं, त्याने दांडा ओढला आणि खत हललंच नाही. अ‍ॅलिस्टरने खालून पाहिलं, टाकीचा तळ उघडा होता आणि त्यातून काही पडत नव्हतं. हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि आजवर पोटात ठेवलं.

पुढचं ऐक. मी खाली मांडवात होते. आवाज झाला, बायकांनी मला धरून ठेवलं, वर जाऊ दिलं नाही. मला एवढंच आठवतं की अ‍ॅलिस्टर आणि मर्डॉक धावत आले आणि त्यांनी मांडव सोडायला घेतला. मला वाटलं, माझा नवरा गेला म्हणून चहापाणी बंद करतायत. त्या तशा अवस्थेत मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले होते. आणि ते ताडपत्री घेऊन थप्पीवर घालायला चालले होते. डेसला अजून खाली आणलं नव्हतं. चौकशीवाले दुसऱ्या दिवशी आले तेव्हा खत नीट झाकलेलं, फोडलेलं वर, दगड खाली. हेमीला त्याच संध्याकाळी पैसे देऊन दूर गिझबर्नच्या गाडीत बसवलं होतं. त्याला कुणी काही विचारलंच नाही.

मी म्हटलं, तुझ्या हाताने झाकलीस?

तो म्हणाला, "मर्डॉक म्हणाला, माणूस तर गेलाच आहे, आता भरपाईत रान कशाला घालवायचं?"

शी. मोरीवर जाऊन तोंड धुतलं. परत आले तरी तो तसाच पाठमोरा बसलेला. मग मी विचारायचं तेच विचारलं, माझ्याशी लग्न कशासाठी केलंस?

"आधी लाज वाटायची म्हणून लाकडं फोडायला येत होतो," तो म्हणाला. "मग सवय झाली."

बघ, एवढा खरं बोलणारा माणूस. जेव्हा बोलायला हवं होतं तेव्हा दातखीळ बसली होती. चव्वेचाळीस वर्षं त्याच हाताने त्याने मला सकाळचा चहा आणून दिला. ते हात आठवले की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. मी माझं अंथरूण तुझ्या जुन्या खोलीत हलवलंय.

मला आता एकच हवंय. त्या फोटोखाली खरं लिहिलं गेलं पाहिजे, आणि ते तुला कळलं पाहिजे. तुझा बाप माकडचेष्टा करताना मेला नाही.

आई

९ मार्च

ग्लेनिस,

मर्डॉक येऊन गेला. भावाने जाऊन सांगितलं असणार. हातात मेंढीची अख्खी मांडी, कागदात गुंडाळलेली. आपल्याकडे माणूस मेलं की शेजारी असंच मांस नाहीतर केक घेऊन येतात. मला वाटलं, अठ्ठेचाळीस वर्षांनी का होईना, आला माणुसकीला धरून. कसलं काय.

खुर्चीत बसला, काठी गुडघ्यांत धरली आणि मलाच शिकवायला लागला. म्हणे, बायकांना सावली नको होती का? म्हणे, आईचं मन मोडायचं का? म्हणे, आपल्या खोऱ्यात ते पहिलं वर्ष होतं, कुणाला काय ठाऊक? मी म्हटलं, डेसला ठाऊक होतं आणि त्याने तुला सांगितलं होतं. त्यावर चोराच्या उलट्या बोंबा. तुला आणि तुझ्या पोरीला घरात कुणी घेतलं? तिचं शिक्षण कुणी केलं? ज्या डोंगराच्या गवतावर तू आजवर जेवलीस, तो हिरवा कुणी केला? मी म्हटलं, डेसने केला. तर म्हातारा हसला. अजून सगळे दात आहेत त्याचे.

जाताना दारात म्हणाला, "झालं गेलं गंगेला मिळालं म्हणावं आणि गप्प बसावं. लोकांची जेवणं नासवू नकोस." जन्मात नदीला हात जोडले नाहीत त्याने, उलट ओढ्यात खत सोडून मासे मारले. ते मांस मी कुत्र्यांना घातलं.

जनीनकडेही गेले. चांगली मुलगी आहे, पण लोण्याची बनवलेली. तिने ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. मग म्हणाली, मिसेस रेनी, हा आनंदाचा कार्यक्रम आहे, आपण 'कसरत' काढून 'दुर्दैवी अपघात' लिहू या का? दुर्दैव. ताडपत्री दुर्दैवाने चालत चालत मांडवावर जाऊन बसली. मी म्हटलं, बाई गं, खत ओलं होतं असं लिही, तीनच शब्द. ती म्हणाली, कमिटीला विचारावं लागेल. कमिटीचा अध्यक्ष मर्डॉकचा नातू.

पण खरी किळस पुढेच आहे. त्यांना तो चहाचा फोटो पुन्हा काढायचाय. तसाच ताडपत्रीचा मांडव, तसंच टेबल, जे जिवंत आहेत ते आपापल्या जुन्या जागी, बाकीच्यांच्या जागी लेकी-सुना-नातवंडं. पेपरला दोन्ही फोटो शेजारी शेजारी छापणार. मला म्हणे मध्ये उभं राहायचं. तुझ्या जागी एखादं बाळ कडेवर देतील. हे सांगताना जनीनचा चेहरा असा फुललेला, की मला तिची कीवच आली.

मी हो म्हटलं. घाबरू नकोस, वेड लागलेलं नाही. सगळं खोरं एका जागी गप्प उभं राहतं ते फक्त फोटोसाठी. माझं ऐकून घ्यायला त्यांना दुसरं कोण उभं करणार आहे?

आई

मास्टर्टन, २१ मार्च

ग्लेनिस,

हे पत्र मोटेलच्या खोलीतून लिहितेय. काल इथे आले ती परत जाणार नाही. काय झालं ते क्रमाने सांगते, नाहीतर शेवटचंच आधी लिहून बसेन.

पाटी लागली, मर्डॉकने पडदा ओढला, टाळ्या झाल्या. त्याच्या भाषणात डेसचं नाव एकदा आलं, 'आपला धाडसी मित्र' म्हणून. वरून एक आधुनिक विमान घरघरत गेलं, पोरांनी हात हलवले. मग आम्हाला मांडवाखाली नेलं. टेबलावर त्याच त्या बशा, स्कोन, साय भरलेले स्पंज केक, कुणाच्या तरी नातीने केलेलं विमानाच्या आकाराचं काहीतरी. जुन्यांपैकी आम्ही सातच उरलो होतो. माझ्या शेजारी पर्ल डॉसन, त्या फोटोतही ती माझ्या शेजारीच आहे. आता नव्वदीची, चाकाच्या खुर्चीत. मर्डॉक मागे, अ‍ॅलिस्टर अगदी कडेला. माझ्या हातात एक परकं बाळ दिलं.

फोटोवाला म्हणाला, सगळे हसा. मी बाळ त्याच्या आईकडे परत दिलं आणि बोलले.

फार काही बोलले नाही. त्या दिवशी आपल्या डोक्यावर जी ताडपत्री होती ती खताच्या थप्पीवरची होती, म्हटलं. ती दोन रात्री आधी काढली, खत भिजलं, मोगऱ्यांनी फोडलं, आणि डेसने दांडा ओढला तेव्हा ते टाकीतून पडलं नाही. त्याने कसरत केली नाही. तो जाऊन अर्धा तास झाला नव्हता तेव्हा मर्डॉक आणि अ‍ॅलिस्टर रेनींनी ती ताडपत्री परत थप्पीवर नेऊन घातली. हे सगळं आत लावलेल्या फोटोंत दिसतं, डेसने काढलेला थप्पीचा फोटोही मी तिथे ठेवलाय, जाऊन बघा. एवढंच. माझा आवाजही चढला नाही, आश्चर्य वाटलं मला.

मला वाटलं होतं, आता कुणीतरी ओरडेल. मर्डॉक खोटं म्हणेल, भांडण होईल, निदान कुणी रडेल. काही नाही. नव्या पोरांनी खाली मान घातली. जनीन ओठ चावत होती. आणि म्हातारे, गं, म्हातारे पायांकडेही बघत नव्हते. समोर बघत होते, कॅमेऱ्याकडे, फोटो निघायची वाट बघत. मर्डॉक म्हणाला, घे रे फोटो. त्याने घेतला. मग कुणीतरी किटलीचं नाव काढलं आणि सगळे सुटल्यासारखे टेबलाकडे वळले. अर्ध्या मिनिटात तोंडात स्कोन. तुला सांगते, त्या चावण्याच्या आवाजाची मला अजून शिसारी येतेय.

मी निघाले तर पर्लने मनगट धरलं. तिच्या बोटांना साय लागलेली होती.

"अगं नेस्टा, इतक्या वर्षांनी हे कशाला? आम्हा सगळ्यांना ठाऊकच होतं."

मी म्हटलं, काय ठाऊक होतं?

"ताडपत्रीचं. आम्ही तिथेच तर होतो, डोळे होते आम्हाला. रेनींच्या पोरांनी ती सोडून वर नेली, आम्ही बघितलं की. आणि आम्हाला वाटलं, तुलाही ठाऊक आहे. म्हणूनच तर तू अ‍ॅलिस्टरशी लग्न केलंस. भरपाई घेतलीस, आम्ही म्हणायचो. त्यात वाईट काय? कडेवर पोर होतं, रेनींनी घर दिलं, रान दिलं. शहाणी निघालीस असंच म्हणायचो आम्ही."

प्रेमाने सांगत होती गं. त्यात टोमणा नव्हता. अठ्ठेचाळीस वर्षं हॉलमध्ये, दुकानात, चर्चच्या पायरीवर या बायका मला भेटल्या, माझ्या हातचं खाल्लं, मला पाककृती विचारल्या, आणि प्रत्येकीच्या मनात हे, की हिने नवऱ्याचा जीव विकून घर घेतलं. आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मला रेनींची किळस येत होती, ती आता कुणाकुणाची करू?

मी हात सोडवून घेत होते. ती पुढे बोललीच.

"तुझी ग्लेनिससुद्धा आली होती विचारायला, निघायच्या आदल्या आठवड्यात. कुठूनसं कानावर आलं होतं तिच्या. आईला माहीत होतं का, एवढंच विचारत होती सारखी. मी म्हटलं, असणारच की बाळ, पण आईला दोष देऊ नकोस."

मी गाडी काढली ती थेट इथे आले.

म्हणजे तू हे उराशी घेऊन गेलीस. बावीस वर्षांची होतीस. मी तुझ्या बॅगेत घरचे मोजे भरत होते, आणि तू माझ्याकडे बघून काय बघत होतीस ते आता कळतंय. विचारलं का नाहीस गं? पर्लला विचारलंस, मला नाही विचारलंस. पण मी तरी काय तोंडाने म्हणू? मी तुला लहानपणापासून सांगत होते की तुझा बाप स्वतःच्या मूर्खपणाने मेला. माहीत असूनही सांगते असंच वाटलं असणार तुला.

तू परत ये असं मी म्हणत नाही. मोटेलचा फोन नंबर मागे लिहिलाय. फोन करून शिव्या दिल्यास तरी मी ऐकेन. नाही केलास तर निदान हे वाच, पूर्ण वाच, आणि एकदा तरी मला खरं मान.

मला माहीत नव्हतं, ग्लेनिस.

आई